न सांगितलेलं कुलूप

राजसी नवरे माझ्या गाळ्यात पहिल्यांदा आली, त्याला आता अकरा वर्षं झाली. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये मी जीन्सची लेबलं छापतो. दोन गाळे, तीन मशिनं, आठ माणसं. त्या वेळी माझ्या सगळ्या ऑर्डरी एका माणसाच्या डोक्यात असायच्या आणि तो माणूस नुकताच नोकरी सोडून सुरतेला गेला होता. कोणीतरी राजसीचं नाव सुचवलं. तिनं चार दिवस माझ्याकडचं काम बघितलं आणि महिन्याभरात प्रोग्रॅम लिहून दिला. माझ्या माणसांना तो शिकवावा लागला नाही. ते जसे बोलतात तसेच शब्द तिनं स्क्रीनवर ठेवले होते.

तिचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांची दुरुस्ती करायचे. कारखाना बंद झाला तेव्हा ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढे महापेला सहा वर्षं नोकरी केली आणि मग आपलं आपण काम सुरू केलं. बदलापूरला कात्रपमध्ये आईबरोबर राहायची. ऑफिस नव्हतं, पाटी नव्हती. स्कूटर आणि लॅपटॉप. उल्हासनगरचे सोफावाले, अंबरनाथचे केमिकलवाले, बदलापूरच्या दोन डेअऱ्या, असे एकतीस लोक तिचे प्रोग्रॅम वापरत होते आणि त्या एकतीसही जणांकडे काही बिघडलं की तीच जायची.

तिचा एक राग होता, तो आधी सांगायला हवा. धंद्याच्या पहिल्या वर्षी तिनं एका बेकरीवाल्याला प्रोग्रॅम दिला. सहा महिन्यांत तोच प्रोग्रॅम त्याच्या नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या सात बेकऱ्यांत चालू लागला. ती विचारायला गेली तर तो म्हणाला, मी विकत घेतलाय, माझ्या वस्तूचं मी काहीही करीन. प्रोग्रॅम विकलेला नाही, तुमच्या एका बेकरीपुरती वापरायची परवानगी दिली आहे, असं तिनं परोपरीनं सांगितलं. तो चक्क हसला. कोर्टात जायची तेव्हा तिची ऐपत नव्हती आणि कागदही धड नव्हता.

त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तिनं एक कुलूप घातलं. रोज सकाळी आठला प्रोग्रॅम इंटरनेटवरून तिच्या सर्व्हरला कळवायचा की मी अमुक मशिनवर चालतो आहे. मशीन अनोळखी निघालं तर तिला समजायचं आणि तिनं ठरवलं तर घरी बसल्या तो प्रोग्रॅम बंद पाडता यायचा. लायसन्सचा करार ती आता नीट करायची. एक संगणक, एक जागा, नक्कल करायची नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं असायचं. कुलपाबद्दल मात्र एक शब्दही नसायचा. ती कुणाला सांगायचीही नाही. सांगितलं तर लोक घेणार नाहीत, अशी तिला भीती होती. एका सोफावाल्यावर तिनं ते वापरून पाहिलं होतं. अर्ध्या तासात त्याचा माफीचा फोन आला. "त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, काका," असं तिनं मला पुढे सांगितलं.

आता समीर कर्णिकचं. त्याच्या वडिलांनी अंबरनाथच्या एमआयडीसीत तेजोमय रेझिन्स सुरू केली, आता ती समीर चालवतो. कापडाला कडकपणा आणणारं रेझिन तिथे बनतं. ते बनवायचं मोठं बंद भांडं असतं, त्याला ते केटल म्हणतात. केटलमध्ये एक रसायन आधी भरतात आणि दुसरं पंपानं हळूहळू सोडतात. ते पडू लागलं की आतला माल आपोआप तापायला लागतो, म्हणून केटलच्या बाहेरच्या कवचातून थंड पाणी फिरवावं लागतं. रसायन जास्त गेलं किंवा पाणी कमी पडलं तर माल उकळून वर येतो. चिखलोलीचे धोंडिबा तिथे तीस वर्षं केटल सांभाळत होते. रसायनाचा पंप आणि पाण्याचा व्हॉल्व्ह संगणकावरून चालवायचा प्रोग्रॅम राजसीनं लिहिला तो त्यांनाच विचारून विचारून. अंबरनाथला त्याच्या जोडीला हातानं बंद करायचे कॉकही होते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये राजसीच्या सर्व्हरवर तेजोमयच्या नावानं दुसरं मशीन दिसायला लागलं. समीरनं बदलापूरच्या एमआयडीसीत नवा युनिट टाकला होता, तिथलं. तिनं फोन केला. समीर म्हणाला, तिथे फक्त रिपोर्ट छापायला ठेवलाय, उगाच ताणू नकोस. तिनं करारातली ओळ वाचून दाखवली. त्यावर त्याचा आवाज चढला. तुझ्यासारखे प्रोग्रॅम लिहिणारे स्टेशनच्या बाहेर दहा मिळतात, असं म्हणून त्यानं फोन ठेवला आणि तिचा नंबर ब्लॉक केला. तिनं दोन ईमेल पाठवले. उत्तर नाही.

सोमवारी संध्याकाळी तिनं सर्व्हरवर कुलूप लावलं. मंगळवारी आठला तो प्रोग्रॅम निरोप उचलणार आणि बाराला बंद पडणार. मधले चार तास तिनं मुद्दाम ठेवले होते. एखाद्याचं काम अर्धवट असलं तर ते पुरं व्हावं, एवढा त्यामागे विचार होता. पण बाराला बंद पडणार आहे हे समोरच्याला सांगणारी सूचना काही तिनं स्क्रीनवर ठेवली नव्हती.

त्या मंगळवारी ती माझ्याकडे होती. माझा एक प्रिंटर अडला होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन वाजला. धोंडिबा होते. तिचे हात शाईनं भरलेले, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. धोंडिबांनी सांगितलं की महिनाभर झाला, त्यांना बदलापूरच्या युनिटवर टाकलंय. चहाला गेटबाहेर आलोय म्हणून फोन करतोय, एकच विचारायचं होतं, स्क्रीनवर तापमानाचा आकडा मधेच उडी मारतो, त्यात काही गडबड आहे का.

राजसी म्हणाली, "तिथे केटल संगणकावर चालते?"

"सगळंच. हितं हातचा कॉक ठेवलाच नाय, मॅडम. साहेब बोलले, कशाला पायजे. आता बॅच लावूनच आलोय. दोनपर्यंत रसायन जाईल."

राजसी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. धोंडिबांना वाटलं फोन कट झाला. "बरं, ठेवतो, फोन गेटवर द्यायचाय," असं म्हणून त्यांनी ठेवला. राजसी तशीच उभी. पुरतं एक मिनिट गेलं असेल. त्या मिनिटाबद्दल ती अजून बोलते. मग तिनं उलट फोन लावला तर तो बंद. आत ज्वालाग्राही माल असल्यामुळे सगळ्यांचे फोन गेटवर जमा करून बंद ठेवतात.

मला काही कळत नव्हतं. तिनं लॅपटॉप उघडला, कुलूप काढल्याची नोंद केली आणि स्क्रीनकडे बघत राहिली. मग तुटक तुटक सांगितलं. ते मशीन सकाळी आठला बंद होण्याचा निरोप घेऊन बसलं होतं आणि सव्वाआठला इंटरनेटवरून गायब झालं होतं. समीरनं तिच्या नजरेतून सुटायला म्हणून केबल काढली असणार. म्हणजे नवा निरोप आता तिथे पोचणार नाही. बाराला प्रोग्रॅम बंद पडणार.

"बंद पडला तर पंपही थांबेल ना?" मी विचारलं.

"नाही. पंप आहे तसा चालू राहील. पाण्याचा व्हॉल्व्ह आहे तिथेच अडकेल. रसायन जात राहणार आणि पाणी वाढणार नाही."

हे तिला आधीपासून ठाऊक होतं. अंबरनाथला हातचे कॉक होते म्हणून तिनं ते तसंच सोडलं होतं.

तिच्या स्कूटरची किल्ली मी घेतली. अकरा वाजून अठरा मिनिटांनी आम्ही निघालो. मी चालवत होतो, ती मागे बसून फोन करत होती. युनिटच्या ऑफिसचा फोन उचलला नाही. दुसऱ्यांदा एका मुलीनं उचलला आणि राजसी नवरे हे नाव ऐकल्यावर साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून ठेवून दिला. मी माझा फोन तिच्याकडे दिला. अनोळखी नंबर म्हणून समीरनं उचलला. तिचा आवाज ऐकताच कापला. मग तिनं माझ्याच फोनवरून मेसेज लिहिला. बाराला बदलापूरचा प्रोग्रॅम बंद पडेल, बॅच ताबडतोब थांबवा. मेसेजला दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

अंबरनाथला एका टेम्पोनं वळण घेताना रस्ता आडवा अडवला होता. पाच मिनिटं आम्ही तिथे उभे. मी तिला फायर ब्रिगेडला कळव म्हटलं. तिनं कळवलं. पलीकडचा माणूस आग कुठे लागली विचारत होता. आग लागलेली नाही, लागू शकते, हे त्याला पटवण्यात आणखी दोन मिनिटं गेली, पण गाडी पाठवतो म्हणाला.

टेम्पो हलला. मी जमेल तेवढी स्कूटर पळवत होतो. चिखलोलीच्या पुढे रस्ता जरा मोकळा मिळाला, तेव्हा मी मागे न बघता तिला म्हटलं, तिथे गेल्यावर बिघाड झालाय म्हण. कुलूप लावलं म्हणून सांगू नकोस. नस्ती पोलीस केस होईल. माझं वय अठ्ठावन्न. आयुष्यभर धंदा केला. त्या क्षणी मला सुचलं ते हे.

ती म्हणाली, "बिघाड म्हटलं तर तो म्हणेल संध्याकाळी बघ."

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. केबल नसलेल्या मशिनवर कुलूप काढायचा एकच मार्ग होता. सोळा आकड्यांची एक किल्ली तिथे हातानं घालायची. पण ती घातली की प्रोग्रॅम त्या मशिनवर कायमचा मोकळा. परत कधीही बंद करता येणार नाही. ज्या नकलेवरून भांडण चाललं होतं, ती नक्कल समीरला आपल्या हातानं देऊन टाकायची. मी विचारलं, देणार? तिला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. ती कागदावर आकडे उतरवत होती.

अकरा एकोणपन्नासला आम्ही गेटवर पोचलो. वॉचमनकडे तिला आत न सोडण्याची सूचना होती. तिनं वाद घातला नाही. समीरला बाहेर बोलवा, आत्ताच्या आत्ता, नाहीतर मी रस्त्यावर बसून ओरडायला लागेन, एवढंच म्हणाली. मी तिला इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. समीर आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. मेसेज त्यानं वाचला होता. धमकी देतेस का, वकिलाला पाठवतो, असं त्यानं सुरू केलं.

"समीर, प्रोग्रॅमला कुलूप मी लावलंय," राजसी म्हणाली. "तुझी नक्कल आहे ते मला माहीत आहे, ते नंतर. बाराला ते बंद पडेल आणि पंप चालूच राहील. मला आत नको घेऊस. हे सोळा आकडे तू स्वतः जाऊन घाल. घातले की प्रोग्रॅम तुझा. मी काही मागणार नाही."

आत शिरून नकलेचा पुरावा गोळा करायची ही युक्ती आहे, असं समीरला वाटलं होतं, हे त्यानं पुढे कबूल केलं. पण आत नको घेऊस म्हटल्यावर तो गोंधळला. त्यानं कागद हातात घेतला. माझ्या घड्याळात अकरा त्रेपन्न झाले होते. आणखी सात मिनिटं होती.

ती सात मिनिटं नव्हती. त्या संगणकाचं घड्याळ आधीपासूनच सात-आठ मिनिटं पुढे होतं आणि त्याच्या हिशेबानं बारा वाजून गेले होते. शेडमधून कोणीतरी साहेबांना हाक मारली. मग दोघं-तिघं एकदम ओरडले. समीर कागद घेऊन धावला आणि त्याच्या मागे राजसी. वॉचमननं तिला अडवलं नाही. त्यानं मला मात्र दंडाला धरून मागे ओढलं.

मी गेटवर उभा होतो. शेडच्या वरच्या झरोक्यांतून पांढरी वाफ यायला लागली होती, डोळ्यांत झोंबणारी. कामगार तोंडाला रुमाल लावून बाहेर पडत होते. प्रत्येक जण बाहेर आला की मी चेहरा बघत होतो. वॉचमन माणसं मोजत होता आणि त्याचा आकडा जुळत नव्हता. चार कमी. मग तीन. आतून कसला तरी घुमल्यासारखा आवाज येत होता, तो वाढत गेला आणि एकाएकी कमी झाला. फायर ब्रिगेडची गाडी आली तेव्हा राजसी आणि समीर धोंडिबांना दोन बाजूंनी धरून बाहेर येत होते.

आत काय झालं ते तिघांकडून मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. स्क्रीन काळा पडला तेव्हा धोंडिबा समोरच होते. पंप थांबेना म्हणून त्यांनी रसायनाच्या ड्रममध्ये सोडलेली नळीच उपसून काढली. तेवढ्यात केटलच्या झाकणातून फेस उसळला आणि गरम रेझिन त्यांच्या डाव्या हातावर आलं. तरी नळी त्यांनी सोडली नाही, कारण ती परत ड्रममध्ये पडली असती. समीरचे हात चालेनात, तेव्हा राजसी आकडे मोठ्यानं वाचत गेली आणि तो घालत गेला. सोळावा आकडा पडला, प्रोग्रॅम उघडला, पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण सुटला. धोंडिबांनी नळी काढली नसती तर पाणी सुटून उपयोग नव्हता, असं फायर ब्रिगेडच्या अधिकाऱ्यानं तिथेच सांगितलं.

धोंडिबा तीन आठवडे हॉस्पिटलात होते.

तिसऱ्या दिवशी राजसी मला घेऊन वकिलाकडे गेली. कुमुदिनी राणे उल्हासनगर कोर्टात वकिली करतात, मोजकं बोलतात. त्यांनी करार दोनदा वाचला. समीरनं नक्कल केली, तो कराराचा भंग आहे आणि कॉपीराइटच्या कायद्यानंही चूक आहे, त्यासाठी तू कोर्टात जाऊ शकली असतीस, असं त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी दुसरी बाजू सांगितली. लायसन्स दिलं म्हणजे प्रोग्रॅम तुझा राहिला, पण तो ज्या संगणकावर चालतो तो संगणक त्याचा आहे. त्याच्या परवानगीवाचून तो बंद पाडणं किंवा त्याला वापरू न देणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईचं कलम आहे, आणि हेतू वाईट ठरला तर शिक्षेचंही. करारात बंद करायचा हक्क लिहिलेला असता, आधी लेखी नोटीस दिली असती, तर काही बोलता आलं असतं. इथे त्यातलं काहीच नाही.

"त्यानं मोडलेला करार तुला त्याच्या घरात शिरायची किल्ली देत नाही," त्या म्हणाल्या.

कारखाना निरीक्षकाची चौकशी लागली होती. विचारतील तेवढंच सांग, आपणहून लिहून काही देऊ नकोस, असा कुमुदिनीबाईंचा सल्ला होता. राजसीनं तो ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दोन पानी जबाब स्वतः लिहून दिला. कुलूप कधी घातलं, कुणाला सांगितलं नाही, पंप चालू राहील हे माहीत होतं, सगळं. कुमुदिनीबाई चिडल्या, पण वकीलपत्र त्यांनी सोडलं नाही.

त्याआधी ती हॉस्पिटलात गेली होती. मी बरोबर होतो. धोंडिबांची बायको बनूबाई खाटेशी बसली होती. राजसीनं बसायच्या आधीच सांगितलं की त्या दिवशी मशीन आपोआप बंद पडलं नव्हतं, मी बंद केलं होतं. धोंडिबांनी एकच विचारलं.

"पंप चालू राहतो, ठाव होतं तुमाला?"

"हो."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. बनूबाई उठली आणि तिनं आम्हाला जायला सांगितलं. शिव्या दिल्या नाहीत, आवाजही केला नाही. जिन्यात राजसी मधल्या पायरीवर बसली आणि मला म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. मी खाली अर्धा तास थांबलो.

त्या आठवड्यात तिनं एकतीस जणांना पत्र लिहिलं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये मी न सांगता कुलूप ठेवलेलं आहे, येऊन काढून देते, असं. माझं पत्र मला पोस्टानं आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला राग आला. सगळा प्रकार मी डोळ्यांनी बघितला होता, तरी माझ्याच गाळ्यात तेच कुलूप अकरा वर्षं बसलेलं आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं ते काढलं तेव्हा मी तिच्याशी नीट बोललो नाही. बारा जणांनी तिला काम देणं कायमचं बंद केलं. एका डेअरीवाल्यानं दारातूनच परत पाठवलं. कोणी म्हणालं, एवढी प्रामाणिक होतीस तर आधी सांगायचं.

निरीक्षकानं समीरचा युनिट हातचे कॉक बसेपर्यंत बंद ठेवला. कॉक न बसवणं ही त्याची चूक सरळ कागदावर आली. त्याचा वकील दावा लावायच्या तयारीत होता, कुमुदिनीबाईंनीही नकलेचा दावा तयार ठेवला होता. दोघांकडे एकमेकांना बुडवायला पुरेसं होतं. जूनमध्ये कुमुदिनीबाईंच्या ऑफिसात बैठक झाली. चार तास चालली. मी बाहेरच्या बाकावर होतो आणि मधूनमधून समीरचा आवाज ऐकू येत होता. दोनदा तो दार उघडून बाहेर आला आणि दोनदा परत आत गेला.

शेवटी दोन्ही दावे बाजूला ठेवले गेले. धोंडिबांच्या उपचाराचा आणि पगाराचा खर्च दोघांनी मिळून सोसायचा असं ठरलं. बदलापूरची नक्कल समीरकडे राहिली, तिनं शब्द दिला होता आणि तो मागे घेतला नाही. पुढच्या प्रत्येक मशिनसाठी वेगळं लायसन्स आणि त्याचा नवा करार. त्यात कुमुदिनीबाईंनी साध्या भाषेत लिहिलं की कराराचा भंग झाला असं वाटलं तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची, दुरून काहीही बंद करायचं नाही, आणि प्रोग्रॅम कुठल्याही कारणानं बंद पडला तरी आधी पंप थांबला पाहिजे आणि पाणी पूर्ण सुटलं पाहिजे. प्रोग्रॅमची मूळ प्रत सीलबंद करून कुमुदिनीबाईंकडे ठेवायची, म्हणजे उद्या राजसीनं धंदा बंद केला तरी कारखाना अडून बसणार नाही. समीर ही कलमं वाचताना म्हणाला म्हणे की हे पहिल्या करारात असतं तर मी केबल काढली नसती.

ऑक्टोबरात धोंडिबा कामावर परत आले. डाव्या हाताची दोन बोटं पुरती वळत नाहीत. केटलपाशी उभं राहायच्या आधी त्यांनी समीरला एक अट घातली. केटलमध्ये नुसतं पाणी भरायचं, ड्रममध्येही पाणी, आणि बॅच चालू असल्यासारखं सगळं लावून प्रोग्रॅम मुद्दाम बंद पाडायचा. मॅडमनी माझ्यासमोर उभं राहून पाडायचा.

त्या दिवशी राजसीनं मलाही बोलावलं होतं. माझा राग तोपर्यंत बराच उतरला होता. शेडमध्ये समीर, दोन फिटर, निरीक्षकाच्या ऑफिसचा एक माणूस आणि आम्ही. पंपाचा आवाज चालू होता. राजसीनं स्क्रीनवरचं बटण दाबायच्या आधी धोंडिबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. स्क्रीन काळा झाला. पंप थांबला, आणि वरच्या पाइपात पाणी सुटल्याचा आवाज आला.

धोंडिबांनी उजवा तळवा केटलच्या कवचावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"परत," ते म्हणाले.

तिनं प्रोग्रॅम सुरू केला आणि परत पाडला. मग त्यांनी संगणकाचा प्लगच उपटायला लावला. तेव्हाही पंप थांबला. ही चाचणी दर वर्षी करायची, असं करारात आलेलं आहे, आणि त्या कागदावर मालकाच्या आणि राजसीच्या सहीबरोबर केटल चालवणाऱ्याचीही सही लागते. धोंडिबांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, काही शब्द समीरला विचारून घेतले आणि सही केली. राजसीशी ते त्यापलीकडे काही बोलले नाहीत. पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती. त्यांनी फिटरला ड्रममधलं पाणी ओतून टाकायला सांगितलं आणि केटलकडे वळले.